उन्हाचे कवडसे आणि संगणकातलं जंगल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये सह्याद्रीतलं रान उभं करते आहे, मुख्यतः भीमाशंकरच्या बाजूचं निमसदाहरित जंगल. रेंडर, म्हणजे त्यातून काढलेली तयार चित्रं, दाखवले की लोक विचारतात आणि शिकवायला बसलं की मुलं विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. सेटिंगची नावं ब्लेंडर आणि त्याच्या सायकल्स रेंडररमधली (मॉडेलवरून चित्र काढणाऱ्या भागातली) आहेत. प्रकाश मात्र सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सारखाच वागतो, त्यामुळे दुसरं काही वापरत असाल तरी बराचसा भाग उपयोगी पडेल.

झाडांची मॉडेल्स उत्तम आहेत, टेक्स्चर (मॉडेलवर चढवायची पृष्ठभागाची चित्रं) विकत घेतलेली आहेत, तरी जंगल प्लॅस्टिकचं का दिसतं?

कारण बहुतेक वेळा पानं फार उजळ असतात, फार हिरवी असतात आणि त्यांच्यातून उजेड आरपार जात नाही. त्यात जंगल अंधारं वाटायला लागलं की आपण घाबरतो आणि कुठेतरी एक जास्तीचा दिवा लावतो. तो दिवा लावला की उरलंसुरलं जंगलही जातं.

झाडांची संख्या वाढवून हा दोष जात नाही. मी स्वतः सुरुवातीला तेच केलं होतं, झाडं दुप्पट, गवत चौपट. चित्र आणखी गजबजलं, खरं वाटेना. मग एका उन्हाळ्यात दोन दिवस फक्त जमिनीवर पडलेलं ऊन बघत रानात बसले आणि परत येऊन निम्मी झाडं काढून टाकली. रान खरं वाटतं ते पानांमधून गाळून आलेल्या उजेडामुळे आणि त्या उजेडाभोवतीच्या अंधारामुळे. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात.

पानाचं मटेरियल नेमकं कसं करायचं?

आधी आकडे. हिरवं पान त्याच्यावर पडलेल्या हिरव्या उजेडापैकी साधारण शेकडा दहा ते पंधरा भागच परत फेकतं. लाल आणि निळा तर त्याहून निम्मा, कारण हरितद्रव्य नेमके तेच दोन रंग गिळतं. म्हणजे पान ही बऱ्यापैकी काळपट वस्तू आहे. आपल्याला ती हिरवीगार वाटते, कारण शेजारी त्याहून काळी सावली असते. लीनियर रंगात, म्हणजे उजेडाच्या थेट प्रमाणातल्या ० ते १ या मापात, परावर्तित उजेडाचे आकडे लाल ०.०५, हिरवा ०.११, निळा ०.०४ एवढेच असतात. बाजारातल्या पानांच्या टेक्स्चरमध्ये हिरवा ०.३ च्या वर गेलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पानातून पलीकडे जाणारा उजेड. तोही जवळजवळ परावर्तित उजेडाइतकाच असतो, पण त्याचा रंग वेगळा. पानाच्या आतून जाताना निळा जवळजवळ संपतो, म्हणून खालून बघितलेलं उन्हातलं पान पिवळसर पोपटी दिसतं. तेच पान वरून बघितलं तर गडद आणि थोडं निळसर-पांढुरकं दिसतं, कारण वरच्या मेणचट थरावर आकाशाचं प्रतिबिंब असतं. एकाच पानाचे हे दोन चेहरे. चित्रात दोन्ही दिसले नाहीत तर डोळा लगेच ओळखतो.

ब्लेंडरमध्ये यासाठी प्रिन्सिपल्ड शेडर आणि ट्रान्सल्युसंट शेडर मिक्स करा (शेडर म्हणजे पृष्ठभागाने उजेडाचं काय करायचं ते ठरवणारा भाग). प्रिन्सिपल्डमधलं ट्रान्समिशन वाढवू नका, ते काचेसाठी आहे, पानासाठी नाही. मिक्सचं प्रमाण ०.४ ते ०.५. एक गोम लक्षात ठेवा: मिक्स अर्ध्यावर ठेवलं की दोन्ही शेडरचा रंग अर्धा होतो, म्हणून वरचे आकडे तिथे दुप्पट करून टाकावे लागतात. ट्रान्सल्युसंटच्या रंगात निळा शून्याजवळ आणि लाल थोडा वाढवलेला ठेवा.

तिसरी गोष्ट चकाकी. जांभळाचं पान गुळगुळीत असतं, त्याला रफनेस (खरखरीतपणा) ०.३ पुरे. सागाचं आणि कारवीचं पान खरखरीत, तिथे ०.६ च्या पुढे जा. आणि पानाची मागची बाजू वेगळी करा. बहुतेक झाडांत ती फिकी आणि निस्तेज असते. शेडरच्या जॉमेट्री नोडमधलं बॅकफेसिंग समोर पानाची मागची बाजू आहे का ते सांगतं, त्यावरून पाच मिनिटांत जमतं, आणि वाऱ्याने उलटलेली चार पानं फिकी दिसली की फांदी जिवंत होते.

कोवळी पालवी?

कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि जाडी कमी, म्हणून पलीकडे जाणारा उजेड जास्त. कुसुंबाची चैत्रातली पालवी तर लालभडक असते आणि उन्हाच्या विरुद्ध बाजूने पेटल्यासारखी दिसते. एकच मटेरियल ठेवा, रंग आणि ट्रान्सल्युसंटचं प्रमाण प्रत्येक पानासाठी रँडम बदला.

कवडसे गोल का असतात? माझ्या रेंडरमध्ये ते पानांच्या फटींच्या आकाराचे येतात.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे.

पानांमधली फट वेडीवाकडी असते, पण जमिनीवर पडलेला कवडसा गोल किंवा लंबगोल असतो. कारण तो फटीचा आकार नसतो, ती सूर्याची प्रतिमा असते. प्रत्येक बारीक फट ही सूचीछिद्र कॅमेऱ्यासारखी वागते. याचा सगळ्यात सुंदर पुरावा ग्रहणात मिळतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण होतं, आणि अशा ग्रहणात झाडाखालचा प्रत्येक कवडसा चंद्रकोरीचा होतो.

सूर्याचा आकाशातला कोनीय व्यास सुमारे ०.५३ अंश आहे. त्यातून एक सोपं गणित निघतं: फटीपासून जमिनीपर्यंतचं अंतर भागिले १०८ म्हणजे कवडशाचा व्यास. सूर्य डोक्यावर असताना १५ मीटर उंचीच्या फटीतून आलेला कवडसा सुमारे १४ सेंटिमीटरचा. सूर्य ४५ अंशांवर असेल तर उजेडाला तिरपा, लांबचा रस्ता पडतो, २१ मीटरचा. मग कवडशाची रुंदी सुमारे २० सेंटिमीटर आणि लांबी २८. अंगणात जांभळाखाली जाऊन टेपने मोजून बघा, गणित जुळतं.

याच गणिताची दुसरी बाजू सावलीची आहे. कुठलीही वस्तू तिच्या रुंदीच्या १०८ पटींपेक्षा जास्त उंचीवर असेल तर तिची पूर्ण काळी सावली जमिनीपर्यंत पोचतच नाही. पाच सेंटिमीटर रुंदीचं आंब्याचं पान साडेपाच मीटरच्या वर गेलं की त्याची सावली विरघळायला लागते. एक सेंटिमीटरची काडी तर मीटरभरातच. त्यामुळे खऱ्या जंगलात गुडघाभर उंचीच्या झुडपाची सावली रेखीव असते आणि वरच्या छताची सावली धूसर असते. हे दोन्ही एकाच चौरस फुटात एकमेकांवर पडलेलं असतं. नजरेला हे कळतं, शब्दांत सांगता आलं नाही तरी.

आता ब्लेंडरमध्ये काय करायचं? सन दिव्याचा अँगल ०.५२६ अंश असतो, तो तसाच ठेवा. कडक ऊन हवं म्हणून लोक तो शून्य करतात. मग पंधरा मीटरवरच्या पानाची सावली ब्लेडने कापल्यासारखी पडते आणि कवडसे फटींच्या आकाराचे होतात. तुमच्या रेंडरमध्ये बहुधा हेच झालं आहे. उलट, मऊ सावली हवी म्हणून अँगल पाच अंश केला तर कवडसे नाहीसेच होतात.

आणि सीन खऱ्या मापात असला पाहिजे. झाड १५ मीटरचं असेल तर ब्लेंडरमध्येही १५ मीटरचं. दीड मीटरची खेळण्यातली झाडं करून कॅमेरा जवळ नेला तर रचना तशीच दिसेल, पण पानंही दहापट लहान आणि कवडसेही दहापट लहान, असं प्रमाण टिकत असलं तरी धुक्याची घनता, फोकसची खोली आणि विकत आणलेली मॉडेल्स हे सगळं बिघडतं.

सूर्याची आणि आकाशाची ताकद किती ठेवू?

आकडा किती, यापेक्षा दोघांचं गुणोत्तर किती, हे बघा. निरभ्र दुपारी उघड्या मैदानावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो आणि त्यातला शेकडा दहा ते वीस भाग आकाशाकडून येतो, बाकीचा थेट सूर्याकडून. सकाळ-संध्याकाळ सूर्य खाली आला की आकाशाचा वाटा वाढतो. आषाढात ढगांचं छप्पर असताना सगळाच उजेड आकाशाचा.

स्काय टेक्स्चरमधला ब्लेंडर २.९० मध्ये आलेला निशिता पर्याय (नव्या आवृत्त्यांत त्याचं नाव बदललं आहे) हे गुणोत्तर स्वतःच सांभाळतो. तो लावला की चित्र पांढरं फट्ट होतं, म्हणून लोक घाबरून सूर्य कमी करतात. सूर्याला हात लावू नका, एक्स्पोजर खाली आणा. कॅमेऱ्यात आपण तेच करतो.

सूर्याची उंचीही ठिकाणाप्रमाणे ठरवा. भीमाशंकर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१-२२ डिसेंबरच्या दुपारीसुद्धा सूर्य ४७ अंशांच्या वर असतो, आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. जुलैच्या शेवटी तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे कुणाला दिसत नाही. लंडनमध्ये डिसेंबरच्या दुपारी सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो. शिकवण्याचे बहुतेक व्हिडिओ उत्तरेकडच्या देशांतले असल्यामुळे तो लांब, तिरका, सोनेरी उजेड दिवसभर असतो अशी आपली समजूत होते. सह्याद्रीत तो सूर्योदयानंतर तास-सव्वातासाचा पाहुणा. त्यानंतर ऊन वरून खाली पडतं, झाडांचे बुंधे अंधारात जातात आणि जमिनीवर कवडसे सुरू होतात.

जंगलाचा एचडीआरआय (सगळ्या बाजूंचा उजेड टिपलेला, सीन उजळायला वापरायचा फोटो) लावला तरी उजेड मेलेला का दिसतो?

कारण त्या फोटोत झाडं आहेतच. त्या झाडांनी एकदा ऊन अडवलेलं आहे, आणि आता तुमची झाडं ते दुसऱ्यांदा अडवतात. शिवाय फोटोतली झाडं अनंत अंतरावर असल्यासारखी वागतात, त्यामुळे त्यांच्यातून कवडसे येणार नाहीत. कॅमेरा तुमच्याच जंगलात उभा असेल तर मोकळ्या आकाशाचा एचडीआरआय घ्या आणि सावली तुमच्या झाडांना पाडू द्या. पॉली हेवनवर असे भरपूर आहेत, फुकट आणि वापरायला पूर्ण मोकळे.

एकट्या झाडाचा किंवा एखाद्या प्राण्याचा जवळचा शॉट असेल तर जंगलाचा एचडीआरआय चालतो. फक्त त्यातला सूर्य जळून सपाट झालेला नाही ना, ते बघा. सूर्य आकाशापेक्षा लाखो पटींनी तेजस्वी असतो. फोटो काढताना गडद फिल्टर वापरला नसेल तर तो तेज गमावून बसतो आणि सावल्या दुबळ्या होतात.

सावली इतकी काळी कशी चालेल? माझ्या मोबाइलमधल्या फोटोत तर झाडाखाली सगळं स्वच्छ दिसतं.

मोबाइल खोटं बोलतो असं मी म्हणणार नाही, पण तो एका क्लिकमध्ये अनेक फोटो काढून जोडतो आणि सावल्या उचलतो. आपला डोळाही अंधाराला सरावतो. प्रत्यक्षात घनदाट सदाहरित रानात वरच्या उजेडापैकी शेकडा एक-दोन भागच जमिनीवर पोचतो. म्हणजे मैदानात एक लाख लक्स असताना तळाशी हजार-दोन हजार. त्यात मध्येच एखादा कवडसा, जो त्याच्याहून कितीतरी पट उजळ. दोघांत पाच-सहा स्टॉपचं अंतर असतं (दर स्टॉपला उजेड दुप्पट). दोन्हीतला सगळा तपशील एकाच चित्रात दिसला पाहिजे हा हट्ट सोडा. काय जळू द्यायचं आणि काय बुडू द्यायचं हे ठरवणं हेच लायटिंग.

मी सावलीतल्या सालीचा पोत जेमतेम दिसेल असं एक्स्पोजर ठेवते आणि कवडसे थोडे जळू देते. ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स हे रंगांतर (रेंडरमधला उजेड पडद्यावरच्या रंगांत बदलायची पद्धत) आपोआप लागलेलं असतं. त्यात फार तेजस्वी हिरवा भडक न होता हळूहळू पांढऱ्याकडे जातो, जे जुन्या स्टँडर्डमध्ये होत नाही. स्टँडर्डवर काम करत असाल तर आधी ते बदला, मग बाकीचं बघू.

सावल्यांत भरण म्हणून एरिया लाइट लावू नका. सावली फारच बुडते असं वाटलं तर झाडांच्या छतात एक मोठं भगदाड पाडा. रानात उजेड तसाच येतो, एखादं म्हातारं झाड पडलं की.

जंगलातल्या उजेडाला हिरवी छटा द्यायची का?

कुठल्या जागेवर उभे आहात त्यावर. जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये जंगलातल्या उजेडाच्या रंगांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरभ्र दिवशी रानात उजेड चार तऱ्हांचा असतो असं त्यात दाखवलं आहे. बंद छताखाली तो पिवळसर हिरवा. झाडं विरळ असतील आणि सूर्य अडलेला असला तरी आकाश दिसत असेल तर सावली निळसर. लहान फटीतून थेट पडलेलं ऊन पिवळट-तांबूस. मोठ्या मोकळ्या जागी पांढरा. ढग आले की हा फरक पुसला जाऊन सगळीकडे जवळजवळ पांढरा.

मला हे चित्रकारासाठी सोन्यासारखं वाटतं, कारण एकाच फ्रेममध्ये तीन रंगांचे उजेड हक्काने ठेवता येतात: पुढे हिरवी सावली, मध्ये तांबूस कवडसे, मागे खडकाळ उतारावर निळसर सावली. आणि पानांचं मटेरियल बरोबर असेल तर काहीच रंगवावं लागत नाही, सायकल्स हे आपोआप काढतो. शेवटी सगळ्या चित्रावर हिरवा फिल्टर चढवला की नेमकी हीच विविधता मरते.

धुक्यातून येणारे किरण कसे आणायचे?

जपून. पहिल्यांदा व्हॉल्यूम (हवेतलं धुकं किंवा धूर) लावल्यावर आपण सगळेच जास्त लावतो.

धुक्याची घनता अंदाजाने ठेवू नका, दृश्यतेवरून काढा. ३.९ भागिले किती मीटरपर्यंत दिसतं, हा आकडा. दोनशे मीटरपर्यंत दिसणारं धुकं म्हणजे घनता ०.०२. हिवाळ्यातली सकाळ, दोन किलोमीटरपर्यंत दिसतंय, तर ०.००२. व्हॉल्यूम स्कॅटरचा रंग पांढरा आणि अॅनिसोट्रॉपी ०.७ ते ०.८ ठेवा. धुक्याचे थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात, म्हणून किरण सूर्याकडे तोंड केल्यावरच ठळक दिसतात. सूर्य पाठीशी ठेवून किरण दाखवणारी चित्रं खोटी वाटतात ती याचमुळे.

आणि किरण कधी दिसतात याचाही विचार हवा. जुलैत भीमाशंकरला ढगच जमिनीवर उतरलेला असतो, सूर्य नसतोच. तिथे किरण नाहीत, फक्त एकामागे एक फिकट होत जाणारे बुंधे. ते दृश्य किरणांपेक्षा कठीण आहे आणि मला जास्त आवडतं. किरण हवे असतील तर पाऊस उघडल्यावरची सकाळ घ्या, किंवा हिवाळ्यात वाडीतल्या चुलींचा धूर झाडांत अडकतो ती वेळ. उन्हाळ्याच्या तोंडाला राब भाजतात तेव्हाचा धूरही चालेल. धूर काळ्या झाडीसमोर निळसर दिसतो आणि उजळ आकाशासमोर तांबूस. एवढी एक गोष्ट रंगात आणली तर तो धुक्यापासून वेगळा ओळखू येतो.

पावसाळ्यातलं ओलं रान करायचं आहे.

ओली वस्तू आधी गडद होते, मग चमकते. लोक फक्त चमक वाढवतात. माती, साल, पाचोळा या सच्छिद्र गोष्टी भिजल्या की त्यांचा रंग जवळजवळ निम्म्यावर उतरतो. पानावर मेणाचा थर असल्यामुळे पानाचा रंग फारसा बदलत नाही, त्यावर नुसते थेंब आणि पाण्याचा पापुद्रा. त्यामुळे पावसाळ्यात काळे बुंधे आणि हिरवी पानं यांच्यातला विरोध एकदम वाढतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल ओली झाली की कोळशासारखी दिसते.

बुंध्यावरचं शेवाळ विसरू नका. ते सगळीकडून सारखं चढवू नका, फांद्यांच्या बेचक्यात आणि पाणी ओघळतं त्या रेषेवर दाट ठेवा. दगडफूल मात्र कोरड्यातही असतं, राखाडी-हिरवट चकत्यांसारखं, आणि उन्हाळ्यातल्या सालीला तेच जिवंत ठेवतं.

झाडं स्कॅटर केली (सॉफ्टवेअरने जमिनीवर आपोआप पसरली) की शेतात लावल्यासारखी दिसतात.

रँडम म्हणजे नैसर्गिक नव्हे. मोठ्या झाडांत किमान अंतर ठेवा, कारण ती उजेडासाठी एकमेकांना ढकलतात. रोपं मात्र मोठ्या झाडाच्या आसपास गर्दी करतात आणि छतात भोक असेल तिथे जोमाने वाढतात. छताची घनता मोजून तिच्या उलट्या प्रमाणात खालची झुडपं पेरा. जॉमेट्री नोड्समध्ये (ब्लेंडरमधली नियमांनी रचना घडवायची सोय) हे जमतं, आणि मग उजेड आणि झुडपं यांचं नातं आपोआप खरं होतं.

उतारावरची झाडं बुडाशी वाकून मग सरळ होतात. कड्याच्या टोकावरची वाऱ्याने खुरटलेली, एका बाजूला झुकलेली असतात.

एक अपवाद सांगायलाच हवा. कारवी. ती उतारच्या उतार व्यापते, सगळी एकाच वयाची आणि जवळजवळ एकाच उंचीची, कारण सात वर्षांनी एकदम फुलते, एकदम मरते आणि एकदम उगवते. तिथे उंचीत फार रँडम घातलं तर उलट ते खोटं दिसेल.

झाडांची सहा-आठ मॉडेल्स इन्स्टन्स करून (त्यांच्याच प्रती पुन्हा पुन्हा ठेवून) वापरलीत तरी पुरतात. फक्त फिरवा, थोडी लहानमोठी करा आणि कॅमेऱ्याच्या जवळची दोन-तीन हाताने बसवा. पाचोळ्यावर मात्र वेळ घालवा. साग पानं गाळतो तेव्हा जमीन मोठ्या, वळलेल्या, तपकिरी पानांनी भरते आणि उन्हाचा बराच भाग वर परत फेकते. झुडपांच्या खालच्या बाजूला जो ऊबदार उजेड दिसतो, तो तिथूनच येतो.

कॉम्प्युटरने झाड वाढवायची पद्धत कुणाची?

अरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये वनस्पतींची वाढ नियमांच्या साखळीने मांडली. एक फांदी दोन होते, दोनच्या चार, असे नियम. पुढे १९९५ मध्ये वेबर आणि पेन यांनी झाडाचा आकार ठरावीक आकड्यांवरून घडवण्याची रीत दिली, ब्लेंडरचं सॅपलिंग हे अॅड-ऑन तिच्यावरच आहे. चित्रपटांतली कितीतरी झाडं स्पीडट्रीमध्ये होतात. ते बनवणाऱ्यांना २०१५ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

पानांच्या गर्दीत काळे ठिपके येतात, आणि नॉइज (चित्रातली कणी) संपत नाही.

काळे ठिपके बहुतेक वेळा पारदर्शक कार्डांमुळे येतात. पानाचं चित्र चौकोनी पत्र्यावर लावून बाकीचा भाग अल्फाने (पारदर्शकतेने) गायब केलेला असेल, तर किरणाला एकामागे एक असे कितीतरी रिकामे पत्रे ओलांडावे लागतात. ट्रान्सपरंट बाउन्सची मर्यादा मुळात ८ असते, ती संपली की काळं. ती ३२ किंवा त्याहून वर न्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे पानं खऱ्या जाळीची, म्हणजे पानाच्याच आकारात जोडलेल्या त्रिकोणांची करा. त्रिकोण वाढले तरी सायकल्समध्ये ती बहुधा लवकर रेंडर होतात.

नॉइजबद्दल एक सुखद गोष्ट. पानांचे रंग खऱ्या आकड्यांवर आणलेत की रेंडरही हलका होतो. उजळ पानांमध्ये उजेड पुष्कळ वेळा उड्या मारत राहतो. काळपट पानांमध्ये तीन-चार उड्यांत संपतो, त्यामुळे डिफ्यूज बाउन्स मुळातले ४ पुरतात. डीनॉइझ करताना (कणी पुसताना) अल्बेडो (मूळ रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) हे पासही द्या, नाहीतर लांबची पानं लोण्यासारखी पसरतात. थोडी कणी राहिली तरी राहू द्या, पसरलेल्या पानापेक्षा ती बरी.

रात्रीचं जंगल आणि काजवे?

पौर्णिमेचा चंद्र सूर्यापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असतो, पण आकाशात त्याचा आकार सूर्याएवढाच. म्हणून चांदण्यातल्या सावल्याही उन्हातल्याइतक्याच रेखीव किंवा धूसर पडतात. चंद्राचा उजेड प्रत्यक्षात निळा नसतो, सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबडाच असतो. कमी उजेडात आपले डोळे निळ्याकडे झुकतात. थोडा निळा द्या, पण रंग फिके करायला विसरू नका. चांदण्यात हिरवा आणि लाल धड वेगळे कळत नाहीत.

काजव्यांचे जे फोटो आपण पाहतो, ज्यात हजारो ठिपक्यांनी झाड भरलेलं असतं, ते अनेक फोटो एकावर एक चढवलेले असतात. मे संपताना रानात उभं राहिलं तर एका क्षणी त्याहून फार कमी दिसतात, लुकलुकतात आणि जागा बदलतात. स्थिर चित्र करायचं असेल तर डोळ्याचं की कॅमेऱ्याचं, हे आधी ठरवा. रंग पिवळट हिरवा. हजारो बारीक दिवे असतील तर ब्लेंडर ३.५ पासूनचं लाइट ट्री चालू ठेवा, फरक पडतो.

भीमाशंकरच्या रानात पावसाळ्यात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी दिसते. फोटोत ती हिरवीकंच येते, डोळ्याला मात्र अगदी मंद, राखाडी-हिरवी. मी ती इतकी मंद ठेवली होती की पाहणाऱ्यांनी आधी अंधारच पाहिला आणि मग हळूहळू ती त्यांना सापडली. मला तेच हवं होतं.

वारा किती?

खोड संथ, फांद्या मध्यम, पानं भरभर. पिंपळाचा देठ लांब असल्याने इतर झाडं स्तब्ध असतानाही त्याची सळसळ चालू असते. प्रत्येक झाडाची लय मागेपुढे सुरू करा. आणि हलणाऱ्या शॉटमध्ये पानांपेक्षा जमिनीकडे बघा: वर फांदी वीतभर सरकली की खालचे कवडसे उघडझाप करतात.

हे सगळं अनरियल इंजिनमध्ये (गेमसाठी तत्काळ चित्र काढणारं सॉफ्टवेअर) जमेल?

बरंच जमेल. पानांसाठी टू साइडेड फोलिएज हे शेडिंग मॉडेल वापरा, त्यात पलीकडून येणाऱ्या उजेडाचा रंग वेगळा देता येतो. अनरियल ५.१ पासून नॅनाइट (खूप त्रिकोणांची मॉडेल्स पेलणारी सोय) पानांनाही चालतं. तिथेही कार्डांपेक्षा खऱ्या जाळीची पानं बरी पडतात. सूर्याचा कोन खरा ठेवा आणि सावल्या दूर जाताना विरतात ना, ते तपासा. लुमेन, म्हणजे अनरियलमधली परावर्तित उजेडाची सोय, सावल्यांतला उजेड बऱ्यापैकी काढतं, पण दाट छताखाली आणि लहान पानांच्या गर्दीत चुकतं. अशा ठिकाणी मी एकच फ्रेम सायकल्समध्ये काढून शेजारी ठेवते आणि डोळ्याने जुळवते.

संदर्भासाठी जंगलात गेल्यावर काय काय नोंदवायचं?

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये), एक्स्पोजर हाताने ठरवून. पहिल्या फ्रेममध्ये १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड उन्हात धरा, दुसऱ्यात सावलीत, एक्स्पोजर न बदलता. या दोन फोटोंवरून उन्हाचं आणि सावलीचं गुणोत्तर कळतं. तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते वहीत लिहा, म्हणजे सूर्याची जागा परत काढता येते.

एखादं पान उन्हाच्या विरुद्ध धरून फोटो घ्या, मग तेच पान वरून, मग उलटं करून. पान खाली पडलेलंच उचला. देवराईत असाल तर तेही उचलू नका, तिथली काडीसुद्धा बाहेर न्यायची नसते. जमिनीवरच्या दोन-चार कवडशांची रुंदी मोजा आणि उजेडाच्या दिशेने वरच्या फटीपर्यंतच्या अंतराचा अंदाज त्याला १०८ ने गुणून काढा. आणि कॅमेरा बॅगेत ठेवून निदान अर्धा तास एका जागी बसा, कारण पहिली दहा मिनिटं डोळा अंधाराला सरावण्यातच जातात.